खणातला फोन

प्रमुख : फोन द्या तुमचा.

उमेदवार : फोन? असू द्या की इथेच. आवाज बंद करून ठेवतो.

प्रमुख : चाचणी संपेपर्यंत तो बाहेर बसणाऱ्या ह्या काकूंच्या खणात राहील. नियम आहे.

उमेदवार : नाही, त्याचं असं आहे मॅडम... बायको अंथरुणाला खिळलीय माझी. दोन वर्षं झाली. उजवी बाजू गेली, जीभही जड झाली, बोलते ते अर्धंमुर्धं कळतं. आत्ता शेजारीण बसलीय तिच्यापाशी, पण ती एक वाजता जाणार. म्हणून म्हटलं, फोन जवळ असलेला बरा.

प्रमुख : वाचलंय मी अर्जात.

उमेदवार : मग...

प्रमुख : फोन हाताशी असला की माणूस शोधत नाही, विचारत बसतो.

उमेदवार : वा! हे मात्र लाख बोललात. माझंच वाक्य! मी माझ्या पोरापोरींना हेच सांगायचो, अगदी ह्याच शब्दांत. घ्या, हा घ्या फोन. काकू, जरा जपून हं, काच तडकलीय त्याची.

काकू : तळहातावरच्या फोडासारखा जपते. आणि तो स्वेटर घाला अंगात, साहेब. ह्या खोलीत मशिनं गार राहावीत म्हणून माणसांना कुडकुडत ठेवतात.

उमेदवार : आयुष्य गेलं की ह्या गारव्यात! मला नाही वाजत थंडी.

प्रमुख : काकू, दार लावून घ्या.

काकू : लावते.

प्रमुख : हे मशीन. ह्याच्यावर औषधांच्या एका गोदामाचं शोधायचं सॉफ्टवेअर आहे. गोळीचं नाव टाकलं की ती कुठल्या मांडणीवर, कितव्या खान्यात आहे ते सांगतं. हे चाचणीसाठी केलेलं वेगळं मशीन आहे, मोडलं तरी चालेल. सॉफ्टवेअर सुरू होत नाही. सुरू करून दाखवा.

उमेदवार : वेळ किती?

प्रमुख : सापडेपर्यंत.

उमेदवार : म्हणजे तसं काही बंधन नाही?

प्रमुख : नाही. अकरा वाजलेत. साडेअकराला सापडलं तर साडेअकराला घरी.

उमेदवार : मग साडेअकरालाच भेटू! जरा अक्षरं मोठी करतो हं पडद्यावरची. मोतीबिंदू झालाय डोळ्यांत... म्हणजे कामाला अडत नाही, आधीच सांगतो. चला. सुरू कर म्हटलं, काय म्हणतोस बाबा? हं. उठला, धापा टाकल्या आणि बसला. नोंदी बघू. "तुकडा मेमरीला जोडता आला नाही." अच्छा! नवशिका असता तर आता मेमरी वाढवत बसला असता, दिवसभर.

प्रमुख : आणि तुम्ही?

उमेदवार : मी हसतोय, मॅडम. हे दुखणं माझ्या फार जुन्या ओळखीचं आहे. सांगू? हे सॉफ्टवेअर लिहिलंय एका भाषेत, पण त्याच्या पोटात एक छोटा भाग थेट मशीनच्या बोलीतला आहे. सुरू होताना ते काय करतं, तो भाग पोटातून काढतं, तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवतं, आणि तिथून चालवतं. आता त्या फोल्डरवर जर कुणी मनाई लावून ठेवली असेल, की इथे ठेवा काय ठेवायचं ते पण इथून काही चालवायचं नाही, तर? ठेवायला जमतं, चालवायला जमत नाही. आणि बोंब मारतं मेमरीच्या नावानं!

प्रमुख : मनाई कशासाठी लावतात?

उमेदवार : चोरांसाठी. तात्पुरता फोल्डर म्हणजे सार्वजनिक जागा, कुणीही काहीही टाकून जातं. तिथून चालवायची मुभा दिली की कोण काय चालवील सांगता येत नाही. मी तुम्हाला गंमत सांगू का ह्याची? हात चालू ठेवून सांगतो.

प्रमुख : सांगा.

उमेदवार : पूर्वी मी जिथे होतो ना, तिथे बारा-चौदा पोरं होती माझ्या हाताखाली. मी काय करायचो, चांगल्या चालत्या मशीनमध्ये मुद्दाम काहीतरी मोडून ठेवायचो. आणि सांगायचो, गिऱ्हाइकाचं मशीन बंद पडलंय, शोधा. खरं वाटल्याशिवाय माणूस जीव ओतत नाही.

प्रमुख : त्यांना ठाऊक नसायचं?

उमेदवार : छे! ठाऊक असलं तर काय मजा? फोन माझ्या खणात, दार बंद, आणि मी शेजारी बसून चहा पिणार. एक अक्षर सांगणार नाही. रडकुंडीला यायची पोरं. तर त्यात एक पोरगी होती. काटकुळी, आणि प्रश्न विचारून विचारून टोचायची, म्हणून मी तिचं नाव ठेवलं होतं टाचणी. सगळं ऑफिस टाचणीच म्हणायचं तिला. खरं नाव आता मला आठवतही नाही. तिला मी एकदा हेच दिलं. अगदी हेच.

प्रमुख : तात्पुरत्या फोल्डरवरची मनाई.

उमेदवार : मीच लावलेली! एक वाजता बसवली तिला. तर ती त्या दिवशी अशी चुळबुळ करतेय, जाऊ का, जाऊ का. म्हटलं, आधी सापडव, मग जा. गेलीस तर उद्यापासून येऊ नकोस. नाक ओढत बसली, पण बसली बरं का! आणि चार वाजून दहा मिनिटांनी सापडवलं. तीन तास दहा मिनिटं. माझ्याकडचा विक्रम आहे तो. भल्याभल्या पोरांना दोन-दोन दिवस लागले होते.

प्रमुख : कुठे जायचं होतं तिला?

उमेदवार : अं? काहीतरी घरचं असेल. पोरींचं काही ना काही असतंच घरचं. पण उत्तर काय सुरेख काढलं होतं! मी असतो तर सरळ मनाई उठवली असती. हिनं तसं केलं नाही. दुसरीकडे एक वेगळा फोल्डर काढला, तो त्या सॉफ्टवेअरच्याच नावावर केला, दुसऱ्या कुणाला आत हात घालता येणार नाही असा, आणि सॉफ्टवेअरला सांगितलं, तुझं सामान इथून पुढे इथे काढायचं. सार्वजनिक जागेवरची मनाई जशीच्या तशी. पुढे दहा वर्षं मी तेच उत्तर शिकवलं सगळ्यांना.

प्रमुख : तिचं म्हणून?

उमेदवार : नाव कशाला सांगायचं? शिकलेली माझ्याकडेच ना. आज कुठेतरी मोठ्या हुद्द्यावर असेल बघा. आणि मनात म्हणत असेल, म्हाताऱ्यानं घडवलं मला. हं, ही बघा, सापडली मनाई. तात्पुरत्या फोल्डरवर, स्पष्ट लिहिलंय. आता झटपट दाखवायचं म्हणून उठवतो. झालं. आणि सॉफ्टवेअर सुरू... किती वाजले? अकरा चाळीस. चाळीस मिनिटं, मॅडम!

प्रमुख : सुरू झालं?

उमेदवार : होतंय. थांबा. अरेच्चा.

प्रमुख : काय झालं?

उमेदवार : तेच म्हणतंय. "तुकडा जोडता आला नाही." असं कसं म्हणेल?

प्रमुख : मला का विचारता? आणि जी मनाई उठवलीत ती आधी परत लावा. सगळ्या मशीनचं दार सताड उघडं टाकलंत.

उमेदवार : लावतो, लावतो. पण मनाई नाही तर मग... वेगळा फोल्डर काढून बघतो. ती टाचणीची पद्धत. सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये लिहितो, सामान इथे काढ. लिहिलं. सुरू... नाही. तेच. हे माझं ऐकतच नाहीय.

काकू : पाणी आणलंय. साहेब, घ्या दोन घोट. बाई, बारा वाजून गेले, त्यांचा नंबर लागला का काही?

प्रमुख : शोधताहेत.

काकू : शोधू देत. माझा चष्मा हरवतो ना, तेव्हा मी अख्खं घर पालथं घालते. आणि तो असतो कुठे, तर सुनेच्या पर्समध्ये. तिनं उचलून ठेवलेला असतो.

प्रमुख : काकू.

काकू : चालले, चालले. कुणाला काही बोलायची सोय नाही इथे.

उमेदवार : मॅडम, एक विचारू? ह्या चाचणीला बसलेल्या बाकीच्यांना किती वेळ लागला?

प्रमुख : बाकी कुणी बसलं नाही. ही फक्त तुमच्यासाठी केलीय.

उमेदवार : माझ्यासाठी? अनुभव बघून?

प्रमुख : हो. अनुभव बघूनच.

उमेदवार : तसं असेल तर आभारच मानायला हवेत. काय आहे, अकरा महिने झाले मला काढून. जिथे जातो तिथे माझ्या मुलाच्या वयाचे बसलेले असतात. अर्ज उघडतात, वय बघतात आणि चहा विचारतात. चहा विचारला की ओळखायचं, संपलं. तुम्ही चहा विचारला नाहीत, तेव्हाच मला बरं वाटलं.

प्रमुख : पगार अर्ध्याहून कमी आहे. ठाऊक आहे ना?

उमेदवार : पगाराचं राहू द्या हो. मला विमा हवाय. तुमच्याकडे पहिल्या दिवसापासून बायकोलाही लागू होतो, जुनं दुखणं असलं तरी. असं दुसरीकडे कुठेच नाही, मी सगळीकडे विचारलं. तिचे व्यायाम थांबलेत अकरा महिने. डॉक्टर म्हणाले, आणखी सहा महिने असेच गेले तर डावा हातही राहणार नाही. आता तो एकच हात आहे तिला. त्या हातानं फोनचं एक बटण दाबते, मला लागतो. दुसरं काही करता येत नाही.

प्रमुख : मग शोधा.

उमेदवार : हो. शोधतो.

काकू : बाई, जरा बाहेर येता?

प्रमुख : इथेच बोला.

काकू : तो फोन वाजतोय खणात. "घर" असं दिसतंय वर. दुसऱ्यांदा वाजला.

उमेदवार : किती वाजले? सव्वा! शेजारीण गेली असेल. मॅडम, दोन मिनिटं. फक्त विचारतो काय झालंय. तुमच्या समोर बोलतो, हवं तर.

प्रमुख : सापडलं का?

उमेदवार : नाही अजून, पण...

प्रमुख : आधी सापडव, मग जा.

उमेदवार : काय?

प्रमुख : आधी सापडव. मग जा.

उमेदवार : तुम्ही मला अरे-तुरे... हे वाक्य... थांबा. जरा उजेडात या. दिसत नाही मला नीट.

प्रमुख : आता काटकुळी राहिले नाही मी. म्हणून ओळखलं नसेल.

उमेदवार : टाचणी?

प्रमुख : हो, सर.

उमेदवार : अगं... अहो... टाचणी! बघा, मी आत्ताच म्हटलं की नाही, मोठ्या हुद्द्यावर असेल म्हणून! आणि सांगायचं नाही का? मी आपला मॅडम मॅडम करतोय! काकू, ही माझी विद्यार्थिनी! ऊर भरून आला बघ माझा.

प्रमुख : त्या दिवशी मला कुठे जायचं होतं, सर?

उमेदवार : कधी?

प्रमुख : तीन तास दहा मिनिटं लागली त्या दिवशी.

उमेदवार : इतकं जुनं कुठे आठवतंय आता. तेरा-चौदा वर्षं झाली.

प्रमुख : चौदा. मिनिटं आठवतात तुम्हाला, उत्तर आठवतं. मी बसायच्या आधी सांगितलं होतं. आईला दवाखान्यात नेलंय, भावाचा फोन आला होता, जाऊ का. तुम्ही फोन घेतलात आणि खणात टाकलात.

उमेदवार : मला... अगदी खरं सांगतो, मला नाही आठवत.

प्रमुख : तीन वाजता गेली ती. मी तेव्हा मेमरी वाढवून बघत होते. चार दहाला तुम्ही शाब्बास म्हणालात, फोन हातात दिलात. भावाचे अकरा फोन होते त्याच्यावर. शेवटपर्यंत ती माझं नाव घेत होती म्हणे.

काकू : अगं बाई.

उमेदवार : टाचणी, तू बोलली असतीस ना मला नंतर...

प्रमुख : रजेचा अर्ज दिला होता. कारण, आईचं निधन. खाली तुमची सही आहे. त्याची प्रत अजून आहे माझ्यापाशी. पंधरा दिवसांनी कामावर आले, तर कँटीनमध्ये तुम्ही नव्या पोरांना गोष्ट सांगत होतात. मीच मनाई लावली होती, मशीन चांगलंच होतं, टाचणीला कसं रडवलं. सगळे हसत होते. मी ताट घेऊन मागे उभी होते. तोवर मला वाटत होतं, निदान कुणाचं तरी काम अडलं होतं.

उमेदवार : माझं चुकलं. पाया पडू का तुझ्या?

प्रमुख : नको. आठवत नसलेल्या गोष्टीची माफी काय मागता? सापडवा.

काकू : बाई, पुन्हा वाजतोय. तिसऱ्यांदा. मी उचलू का नुसता?

प्रमुख : नाही.

काकू : अहो, नुसतं विचारते, काय हवंय. त्या माउलीनं काय केलंय तुमचं?

प्रमुख : काकू, तुमची किती वर्षं राहिलीत इथे?

काकू : दीड.

प्रमुख : मग काढा ती नीट.

उमेदवार : मी... मी जातो, टाचणी. हे मला जमणार नाही.

प्रमुख : जा. दार उघडंच आहे. मीही उठून जाऊ शकले असते की तेव्हा. काकू फोन देतील. पण गेलात तर ही जागा सोमवारी दुसऱ्याला जाईल.

उमेदवार : असं करू नकोस गं.

प्रमुख : मी काही करत नाहीय. तुम्ही तेव्हा बसून चहा पीत होतात, मी चहासुद्धा पीत नाहीय. अर्ज आला तेव्हा तुमचं नाव वाचलं, आणि खोटं कशाला बोलू, दोन दिवस मला झोप लागली नाही आनंदानं. हे मशीन मी स्वतः मोडलं. तुमचंच कोडं घातलं, कारण ते तुम्हाला पाठ असणार. म्हणून त्यात एक पायरी जास्त ठेवली. आता निर्णय तुमचा. जाता की बसता?

उमेदवार : बसतो.

प्रमुख : बसा. पावणेदोन झालेत.

उमेदवार : एक पायरी जास्त म्हणालीस. म्हणजे मनाईच आहे. पण मी बघतोय तिथली नाही.

प्रमुख : मी काही सांगणार नाही.

उमेदवार : नको सांगूस. सॉफ्टवेअर तात्पुरत्या फोल्डरकडे जातच नाहीय. त्याला कुणीतरी आधीच दुसरीकडे धाडलंय. माझं सेटिंग ऐकत नाही, म्हणजे माझ्यापेक्षा वरचढ कुणीतरी सांगतंय त्याला. कोण सांगेल? ह्याची सेटिंगची फाईल बघितली. सुरू करायची स्क्रिप्ट बघितली... बघितली का? हे अक्षर काय आहे, तीन की आठ?

प्रमुख : तुमचे डोळे कामाला अडत नाहीत ना?

उमेदवार : तीन आहे. तीनच. स्वेटर घालतो जरा, थंडी वाजतेय.

काकू : बाई. पाच वेळा झालं. आता तर लागोपाठ वाजतोय. मी खण बंद केलाय, तरी ऐकू येतंय. अख्खं टेबल थरथरतंय माझं.

प्रमुख : खणात फडकं घाला.

काकू : देव तुम्हाला... नाही, नाही बोलत मी काही.

उमेदवार : काकू, किती वाजले?

काकू : अडीच वाजून गेले हो.

उमेदवार : आपोआप सुरू करणारी सेवा. मशीन उठलं की हे सॉफ्टवेअर त्या सेवेमार्फत उठतं. तिची मूळ फाईल मी बघितली, त्यात काही नाही. पण तिला जोड-फाईल असते, मूळ फाईलला हात न लावता वरून दोन ओळी घालायच्या असल्या की. माझ्या वेळी नव्हतं असलं काही... आहे. इथे आहे. एकच ओळ. "तात्पुरतं सामान ह्या डिस्कवर काढ." आणि ती डिस्क... त्या डिस्कवर मनाई. सापडलं! टाचणी, सापडलं!

प्रमुख : सापडून उपयोग नाही. सुरू करून दाखवा.

उमेदवार : हो, हो. वेगळा फोल्डर काढतो, जिथे चालवायची मुभा आहे अशा डिस्कवर. सॉफ्टवेअरच्या नावावर केला. बाकीच्यांना बंद. जोड-फाईलमध्ये तो पत्ता घालतो. सेवेला पुन्हा वाचायला सांगतो. आता सुरू... सुरू... झालं. गोळीचं नाव टाकतो, बघ. सातवी मांडणी, तिसरा खाना. चाललं.

प्रमुख : मनाया तशाच आहेत?

उमेदवार : दोन्ही. पहिली उठवली होती, ती परत लावलीय.

प्रमुख : बरोबर आहे.

उमेदवार : फोन दे आता. पाया पडतो.

प्रमुख : तीन वाजून पाच मिनिटं. माझ्यापेक्षा जवळजवळ तास जास्त. काकू, द्या फोन.

काकू : घ्या साहेब, घ्या. नऊ वेळा वाजला. वीस मिनिटं झाली, आता वाजत नाहीय.

(उमेदवार फोन लावतो. बऱ्याच वेळानं पलीकडून उचलला जातो.)

उमेदवार : मी बोलतोय. हं... हं... हळू बोल, कळत नाहीय मला. रडू नको आधी. पाणी? पाणी हवंय? अगं, तांब्या ठेवलाय ना उशाशी... पडला? कधी? ती जाताना... ती गेल्या गेल्या? हं. भिजलीस? सगळी? दोन तास तशीच... नाही, नाही, मी रागावलो नाही तुझ्यावर. फोन ऐकू आला नाही मला. आवाज बंद होता. हो. येतोच. निघालोच. झालं माझं काम.

काकू : काय झालं हो?

उमेदवार : तांब्या लवंडला अंथरुणात. तहान लागली होती तिला. बाकी काही नाही. ओल्यातच पडलीय एक वाजल्यापासून.

काकू : ऐकलंत का बाई?

प्रमुख : ऐकलं.

काकू : झालं समाधान?

प्रमुख : ते पत्र द्या त्यांना. टेबलावर सहीचं ठेवलंय ते.

उमेदवार : कसलं पत्र?

प्रमुख : नेमणुकीचं. सकाळीच सही करून ठेवली होती. सापडलं तर द्यायचं आणि नाही तर फाडायचं. विम्यात बायकोचं नाव घातलंय, सोमवारपासून लागू.

उमेदवार : घेतलंस मला? खरंच?

प्रमुख : माझ्या हाताखाली. ह्याच खोलीत. नऊ ते सहा. सकाळी आल्या आल्या फोन काकूंकडे द्यायचा.

उमेदवार : रोज?

प्रमुख : रोज.

उमेदवार : आणि घरून आला तर?

प्रमुख : हातातलं काम झालं की मिळेल.

काकू : मी नाही ठेवून घेणार असला फोन. आधीच सांगते.

प्रमुख : मग मी माझ्या खणात ठेवीन. तुमचं बोला, सर. जमणार नसेल तर पत्र इथेच ठेवा आणि निघा. घरी वाट बघताहेत तुमची.

उमेदवार : टाचणी, एवढं का गं?

प्रमुख : मॅडम म्हणा.

काकू : साहेब, नका घेऊ. जा तुम्ही घरी.

उमेदवार : व्यायाम सोमवारपासूनच सुरू करता येतील? विम्यावर?

प्रमुख : सोमवारपासून.

उमेदवार : जमेल, मॅडम.

प्रमुख : मग टेबलावर का ठेवलात फोन? उचला. आज शुक्रवार आहे.